निळा नवरदेव

त्या दुपारी पाणीबाईच्या घरी जो येई तो दारात चपला काढी, चवड्यांवर चालत थेट बेसिनपाशी जाई आणि कोपरापर्यंत हात धुई. साबण न लावता. मग ओले हात शस्त्रक्रियेला निघालेल्या सर्जनसारखे वर धरून बैठकीच्या खोलीत शिरे.

"साबणाशिवाय हात धुणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय," आत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "आणि टॉवेल पुढे केला तर विंचू दाखवल्यासारखी मागे सरतात."

"टॉवेलला साबणाचा अंश असतो, आत्या. कोळंब्यांना सोसत नाही."

"असतोच अंश. त्यालाच स्वच्छता म्हणतात."

आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भाचीकडे राहायला आली होती. ऑपरेशन उत्तम झालं होतं आणि तेव्हापासून तिला जगातलं सगळं जरा जास्तच स्पष्ट दिसू लागलं होतं: भिंतीवरचे डाग, समोरच्या शेजारणीची मिशी, भाचीच्या भांगातली पांढरी बट. कळत नव्हतं ते एवढंच, की बोटाच्या पेराएवढ्या कोळंब्यांपायी धडधाकट माणसं अशी का वेडावतात.

"खायच्या नाहीत?" तिने आल्या दिवशीच विचारलं होतं.

"नाही."

"विकायच्या?"

"नाही."

"मग त्या करतात तरी काय?"

"शेवाळ खातात. कात टाकतात. परत शेवाळ खातात."

"आणि तू?"

"मी बघते."

आत्याने असा सुस्कारा सोडला, की जणू घराण्याची सगळी इभ्रत त्या काचेच्या टाकीत बुडाली.

पाणीबाई हे नाव कोळंबीवाल्या मंडळींनी ठेवलेलं. ती शहराचं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करी. दिवसभर नमुने यायचे आणि त्यांत काही नाही हे सिद्ध करणं, हे तिचं काम. जंतू नाहीत, शिसं नाही, गढूळपणा नाही. ज्या दिवशी काहीच सापडलं नाही तो दिवस चांगला. अशा बाईला स्वतःच्या घरच्या पाण्यात मात्र काहीतरी सापडलं होतं. तिच्या टाकीतल्या कोळंब्या सगळ्या कोऱ्या चहाच्या रंगाच्या. त्यांच्या पिल्लांत एक निळं निपजलं, आणि मोठं होता होता त्याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक सोनेरी रेघ उमटली. पट्टी धरून ओढल्यासारखी. मादी होती. मंडळींनी तिचं नाव ठेवलं रेघोटी. असली कोळंबी त्यांच्यापैकी कुणीच कधी पाहिली नव्हती.

पण कोळंबीचं आयुष्य ते केवढं. दीड वर्ष, फार तर दोन. रेघोटी आता उताराला लागली होती. मागे एकदा तिने अंडी धरली आणि टाकून दिली. पिल्लं झाली नाहीत तर ती रेघ तिच्याबरोबरच संपणार होती, आणि हा विचार आला की पाणीबाईचा घास हातातल्या हातात राही.

म्हणून आजचा मेळावा तिने, आजवर चार सबबी सांगून टाळलेला, आपण होऊन घरी बोलावला होता. कारण दातांच्या डॉक्टरांकडे एक निळा होता. एके काळी डॉक्टरांकडे निळ्या कोळंब्यांची अख्खी वसाहत होती. शेजारच्या बिऱ्हाडात ढेकणांचं औषध फवारलं गेलं आणि ती एका दुपारीत गेली. वाचला तो एकटा निळा. गडद, शाईच्या बाटलीतून काढल्यासारखा. निळीला निळा मिळाला तर पिल्लं निळी होतील आणि रेघ उतरायचीही शक्यता वाढेल, असा पाणीबाईचा अंदाज होता. बेत असा: आज निळ्याला टाकीत सोडायचं, चहाच्या रंगाचे नर पुढच्या काही दिवसांत सावकाश दुसरीकडे हलवायचे, आणि मग रेघोटी कात टाकायची वाट बघायची. कोळंबीची मादी नराला जवळ येऊ देते ती कात टाकल्यावरच, अंग मऊ असताना, आणि तेही काही तासच.

बेत छान होता. रेघोटीला तो कुणी सांगितला नव्हता, एवढंच.

पहिले आले मीटरकाका. लिफ्टची दुरुस्ती करून निवृत्त झालेले गृहस्थ. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र कायम खिशाला, आणि दिसेल त्या द्रवात ते बुडवायची खोड. आत्याने चहा पुढे केला तर त्यांनी आधी त्यात मीटर घातला.

"अहो, हे काय?"

"किती विरघळलंय बघतो."

"साखर विरघळलीय. दोन चमचे."

"साखर याला कळत नाही," मीटरकाका खेदाने म्हणाले.

"मग जिभेनं बघा की. तिला कळते."

मग शेवाळताई आली. शिवणकाम करायची. शेवाळाचे झुपके दोऱ्याने इतके सफाईने गारगोट्यांवर बांधायची, की टाका कुठे आहे ते भिंगातूनही सापडू नये. तिच्यामागून बेकरीवाला आणि त्याची बायको, दोघांच्या मधे एक खोका. खोक्यात कोळंबीच्या आकाराचा केक.

"पाय आठच आहेत," पाणीबाई बघताच म्हणाली, आणि लगेच ओशाळली. "म्हणजे, छान झालाय."

"दहा केले होते," बेकरीवाल्याची बायको नवऱ्याकडे बघत म्हणाली. "दोन कुणीतरी रिक्षात खाल्ले."

"तुटले होते ते," बेकरीवाला म्हणाला. "तुटलेलं लोकांना द्यायचं का?"

शेवटी डॉक्टर आले. छातीशी थर्मास धरलेला, कपाळावर घाम, चेहरा असा की मुलीला परदेशी पाठवायला निघालेत.

"बसमध्ये एकाने विचारलं, चहा आहे का," ते म्हणाले. "मी म्हटलं, नाही हो, नवरदेव आहे. तो पुढच्याच थांब्यावर उतरला."

"उतरणारच," आत्या म्हणाली. "मीही उतरले असते."

निळ्याला थर्मासमधून अलगद एका काचेच्या वाडग्यात घेतलं. पाहुण्याला एकदम परक्या पाण्यात सोडत नाहीत. टाकीतलं पाणी बारीक नळीने थेंब थेंब वाडग्यात पाडायचं, म्हणजे अंगाला सवय होते. नळीला गाठ मारून धार थेंबावर आणायचं काम शेवाळताईचं. वाडग्यातल्या पाण्यावर नजर ठेवायचं काम मीटरकाकांचं, आणि ते लिलाव पुकारल्यासारखे आकडे पुकारू लागले. मंडळी जमिनीवर मांडी घालून बसली, केकची शेपटी कापली गेली, आणि ज्याच्या त्याच्या टाकीतल्या बाळंतपणाच्या गोष्टी निघाल्या.

तेवढ्यात शेवाळताई म्हणाली, "अगबाई."

शिवून झालेल्या कपड्यावर कात्री चालल्यासारखा तो आवाज होता. सगळ्यांनी वर पाहिलं.

"पाणीबाई, इकडे ये गं. तुझ्या टाकीतल्या लाकडामागे बघ काय पडलंय."

लाकडामागे वाळूवर एक काचेची कोळंबी पडली होती. मिश्या, डोळ्यांच्या वाट्या, सगळेच्या सगळे पाय, शेपटीचा पंखा; आत मात्र कुणी नाही. नवख्या माणसाने कोळंबी मेली म्हणून हंबरडा फोडला असता. या खोलीत नवखं कुणी नव्हतं. सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला.

"कात!"

"कुणाची?"

त्यांना शोधावं लागलं नाही. कातेच्या मागे, लाकडाच्या खोबणीत, रेघोटी अंग चोरून बसली होती. नवी कोरी, ओली, आणि पाठीवरची रेघ अशी की आत्ताच कुणी ओढून ब्रश धुवायला गेलं असावं.

"आत्ता?" पाणीबाई म्हणाली. "आज? आत्ता?"

आणि पहिल्या नराने तळ सोडला.

कात टाकलेल्या मादीचा वास पाण्यात पसरला की नरांचं डोकं फिरतं. एरवी दिवसभर खाली मान घालून शेवाळ खुडणारे हे सद्गृहस्थ एकाएकी उडू लागतात. एक गेला, मागोमाग दुसरा, मग पाच-सहा, मग मोजायची सोय राहिली नाही. काचेला धडकत होते, गोते खात होते, वर जाऊन पृष्ठभागाला डोकं लावून परत खाली झेपावत होते. शाळा सुटल्यावरचं फाटक एखाद्याने पाण्यात बुडवलं तर असंच दिसेल.

बेकरीवाल्याच्या बायकोने टाळ्याच पिटल्या. मीटरकाकांचा आकडा चुकला. हे दृश्य कितीदाही बघा, मंडळींच्या अंगावर काटा येतोच. पण पाणीबाई टाकीसमोर गुडघ्यांवर बसून हात जोडल्यासारखी म्हणत होती, "थांबा ना. थांबा रे जरा. तो वाडग्यात आहे अजून!"

"रेघोटीला बाहेर काढू," बेकरीवाला म्हणाला.

"वेडा आहेस का?" शेवाळताई खेकसली. "अंग मऊ आहे तिचं. जाळीचा स्पर्श झाला तरी फाटेल."

"मग नर काढा," डॉक्टर म्हणाले.

मग सगळ्यांना एकदमच कळलं, की एरवी भिंग लावून, मान वाकडी करकरून नर ओळखावा लागतो. या एका घटकेला मात्र ओळखायचं काहीच नाही. जो उडतोय तो नर.

दुसरी माणसं चष्मा जवळ बाळगतात तशी ही मंडळी जाळी बाळगत. पाच जाळ्या निघाल्या. आणि मग धुतलेले हात कोपरापर्यंत टाकीत असे काही उतरले, की पाणी काठोकाठ आलं.

"माझा हात आहे तो!"

"मग काढा ना. मला वाटलं लाकूड आहे."

"हा माझा, मी आधी पाहिला!"

"बघून काय होतंय, धरा!"

"आत्या, बादली धर! टाकीतल्याच पाण्याची, ती निळी, हो, तीच!"

आत्याने बादली धरली. आयुष्यात तिने भाजी निवडली होती, तांदूळ पाखडले होते, पण घरात उभं राहून जावई बादलीत कोंडायची वेळ तिच्यावर प्रथमच येत होती. "आला एक. आला दुसरा. अगं, हा बाहेर उडी मारतोय! आत मर मेल्या!" तिने केकच्या खोक्याचं झाकण बादलीवर घातलं आणि प्रत्येक जाळीपुरतं ते किलकिलं करू लागली, सिनेमाच्या दारावरच्या माणसासारखी.

सगळ्यांत तरबेज निघाले डॉक्टर. त्यांनी खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला आणि तो लाकडामागे घालून दडलेले नर हेरू लागले. सवयीने प्रत्येकाला सांगतही होते, "आता जरासंच जाणवेल हं. झालं, झालं." बेकरीवाल्याची बायको हसून हसून भिंतीला टेकली. मीटरकाका एका हाताने वाडगा सांभाळत, दुसऱ्या हाताने जाळी चालवत, तोंडाने आकडे ओरडत होते, आणि कुणाचंही कुणाकडे लक्ष नव्हतं.

शेवटचा नर तीनदा हुलकावणी देऊन चौथ्यांदा आपण होऊन शेवाळताईच्या जाळीत शिरला. टाकी शांत झाली. खोबणीत रेघोटी मिश्या हलवत बसली होती, जणू बाहेर इतका गोंधळ कशापायी चाललाय याची तिला गंधवार्ताही नाही.

"जुळलं!" मीटरकाका ओरडले. "वाडगा आणि टाकी, एकच आकडा! सोडा!"

डॉक्टरांनी वाडगा पाण्यात कलता केला. निळा बाहेर आला. मंडळी श्वास रोखून काचेला चिकटली, शेजारी कुणाचं नाक आहे याची पर्वा न करता.

निळा सावकाश तळाला उतरला. एक मिशी साफ केली. दुसरी केली. चार पावलं रेघोटीच्या दिशेने टाकली. शेवाळताईने पाणीबाईचा दंड घट्ट धरला. निळ्याने दिशा बदलली, सकाळी घातलेल्या उकडलेल्या काकडीच्या चकतीपाशी गेला आणि तिच्यावर चढून दोन्ही हातांनी खाऊ लागला.

"नवरदेव जेवायला बसला," आत्या म्हणाली.

"प्रवासातून आलाय," डॉक्टर घाईने म्हणाले. "दम तर खाऊ द्या."

मंडळींनी दम खाऊ दिला. निळ्याने काकडीच खाल्ली.

"मुळात शांत स्वभावाचा आहे तो."

"शांत?" आत्याने बादलीचं झाकण किंचित उचललं. टाकीतलंच पाणी ते, तोच वास. आत अजून दंगा चालू होता. "यांना बघा आणि त्याला बघा. याला भूक सोडून कशाचा वास येत नाहीये."

पाणीबाईने टेबलावरची विजेरी घेतली, हात टाकीमागे नेला आणि उजेड अशा कोनात धरला, की तो निळ्याच्या अंगातून आरपार यावा. मग डोळे बारीक करून पाहत राहिली. प्रयोगशाळेतही ती अशीच पाही, आणि अशी पाहू लागली की शेजारच्या टेबलावरची माणसं बोलायची थांबत.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हा नर आहे हे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? अंगाने सडपातळ आहे. आणि..." डॉक्टर थांबले. "आणि माझ्याकडे तो पहिल्यापासून नरच होता."

"रंग फार गडद आहे. वरून बघितलं तर आतलं काही दिसत नाही. इथून बघा."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. गडद निळ्याच्या आत, मानेच्या मागे, एक पिवळा डाग होता, डाळीच्या दाण्याएवढा लख्ख. पोटातली, तयार होत आलेली अंडी. मंडळींतल्या कुणालाही तो डाग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

"बाई आहे," डॉक्टर म्हणाले.

शेवाळताईनेही वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

"मी हिला रोज सकाळी 'काय राजे, झोप झाली का' म्हणून विचारतो," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले.

मीटरकाकांनी घसा साफ केला. "मीटर घालून बघू का?"

शेवाळताईच्या तोंडून उचकीसारखं काहीतरी बाहेर पडलं. मग बेकरीवाला. मग डॉक्टर स्वतः, आधी खांदे, मग आवाज, आणि मग सगळी खोलीच. बेकरीवाल्याची बायको जमिनीवर आडवी झाली. मीटरकाका चष्मा काढून डोळे पुसत होते आणि ओल्या हाताने आणखी ओले करत होते. आत्याला हसायचं नव्हतं. ती बादलीवर वाकली, आणि झाकण तिच्या हाताखाली थडथड वाजू लागलं.

पाणीबाई तेवढी हसत नव्हती. ती लाकडाच्या खोबणीकडे बघत होती. तिथे घटका निघून चालली होती.

दोनच वाटा होत्या. थांबायचं, कुठूनतरी खरा निळा नर मिळवायचा आणि रेघोटीच्या पुढच्या कातेची वाट बघायची. पुढची कात म्हणजे आणखी महिना, आणि म्हाताऱ्या कोळंबीला महिना फार मोठा असतो. नाहीतर आहेत ते नर, चहाच्या रंगाचे, ज्यांच्यात रेघेचा मागमूस नाही. मग पिल्लं त्यांच्यासारखीच दिसतील. रेघ त्यांच्या आत दडून राहील, किंवा राहणारही नाही. प्रयोगशाळेत असती तर तिने सांगितलं असतं, माहिती अपुरी आहे, नवा नमुना पाठवा.

"आत्या," ती म्हणाली. "बादली!"

हा आवाज तिच्या घरात कुणी ऐकला नव्हता. हसणं जागच्या जागी थांबलं.

"अगं, आत्ताच तर काढले ना?"

"घाल परत!"

"सगळे?"

"सगळे! एकूण एक!"

"मगाशी सांगता येत नव्हतं होय!" आत्या ओरडली, पण बादली तिने आधीच उचलली होती. डॉक्टरांनी पाण्यावर बशी आडवी धरली, म्हणजे धार बशीवर पडून तळ ढवळू नये, आणि दोघांनी मिळून बादली कलती केली. झरझर झरझर नर उतरले. घटकाभराच्या कैदेने त्यांचा उत्साह रतीभर कमी झाला नव्हता. उलट आता वाट माहीत असल्यासारखे ते भिरभिरले. टाकी पुन्हा उकळली. त्या सगळ्या धुमश्चक्रीच्या मधोमध निळा, म्हणजे निळी, काकडीवर बसून शांतपणे जेवत होती. जाता जाता एखादा नर तिला धडकला तर त्याच्याकडे पाठ फिरवत होती.

"तो बघा, खोबणीपाशी गेला!"

"चुकला. पुढे गेला, बावळट."

"डावीकडे! अरे डावीकडे!"

"त्याला ऐकू जातंय का?"

"जाईल, तुम्ही ओरडा तर खरं!"

मंडळी ओरडली. चवड्यांवर चालणारी, दार हळू लावणारी, शिंकताना टाकीकडे पाठ करणारी ती सगळी माणसं शर्यतीच्या मैदानावर असल्यासारखी ओरडली. एक चहाच्या रंगाचा नर, दिसायला अगदी सामान्य, एक मिशी तुटकी, खोबणीत शिरला. बाकीचे वर गोते खात राहिले. क्षण गेला, दोन गेले. मग तो बाहेर आला, वाळूवर उतरला आणि काही झालंच नाही असा शेवाळ खुडू लागला.

पाणीबाई नाचली, असं म्हणणं अचूक ठरणार नाही. पण तिचे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर नव्हते, हे डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर कुणीच घरी जाईना. बेकरीवाल्याच्या बायकोने केकचं डोकं आत्याला दिलं, मानाचं म्हणून. शेवाळताई खोबणीपुढून हलायला तयार नव्हती. डॉक्टर जरा वेळाने पाणीबाईच्या शेजारी येऊन बसले.

"निळीला परत नेऊ का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, ज्या कामाला आणली ते काम तर..."

"राहू दे तिला इथे. घरी एकटी काय करील?"

"माझ्याशी बोलते."

"मग इथे येऊन बोला."

डॉक्टर यावर काही म्हणणार होते, पण शेवाळताईने तेवढ्यात दोन्ही हात वर केले आणि सगळे पुन्हा काचेकडे धावले.

रेघोटी खोबणीतून बाहेर आली होती. कवच अजून पुरतं कडक झालं नसावं. ती जपून चालत होती. शेपटीखाली, पोटाच्या पाकळ्यांमध्ये, पिवळसर दाण्यांचा घोस होता, आणि ती पाकळ्या हलवून हलवून त्याला वारा घालत होती. एक, दोन, थांब. एक, दोन, थांब. मोठ्या माणसांची ती सगळी खोली आपोआप तिच्या तालावर श्वास घेऊ लागली.

"धरली," मीटरकाका कुजबुजले.

"या खेपेला टाकणार नाही," शेवाळताई म्हणाली. "कशी घट्ट धरलीत बघ."

"रेघ येईल का हो पिल्लांत?" डॉक्टरांनी विचारलं.

"पिल्लांत बहुतेक नाही. ती बापावर जातील," पाणीबाई म्हणाली. "पण पिल्लांच्या पिल्लांत येईल."

"नक्की?"

शक्यता आहे, असं म्हणायची तिला सवय होती. वरिष्ठांना, मंडळींना, भाजीवालीलासुद्धा ती तसंच म्हणे. तिने रेघोटीकडे पाहिलं. एक, दोन, थांब.

"येईल," ती म्हणाली. "नक्की येईल."

"म्हणजे नातवंडं होईपर्यंत ही सगळी माणसं इथे येतच राहणार?" आत्याने विचारलं.

"हो, आत्या."

"आणि असाच आरडाओरडा करणार?"

"बहुतेक."

"मग मी आणखी महिनाभर राहते," आत्या म्हणाली आणि बेकरीवाल्याला कोपराने ढकलून काचेपाशी जागा करून बसली.